कार्बन हँडलबार, बधिर करंगळी आणि माझा घाईचा निष्कर्ष

गेल्या महिन्यात लॅबमधल्या एका ज्युनिअरने मला विचारलं, "दादा, कार्बन हँडलबार घेऊ का?" ती यंदाच पीएच.डी.ला लागली आहे. जेआरएफचे महिन्याला 37,000 रुपये (वेळेवर आले तर), त्यातून खोलीचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे. शनिवार-रविवार ती लांब सायकल चालवते आणि दोनेक तासांनी उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. मी एका सेकंदात उत्तर दिलं. "घे. माझा त्रास त्यानेच गेला."

हे उत्तर मी मनापासून दिलं होतं. माझ्या सायकलला दीड वर्षापासून कार्बनचा बार आहे. त्यासाठी 18,500 रुपये मोजले आणि तेव्हापासून माझा हात बधिर झालेला नाही. आधी त्रास होता, बार बसवला, त्रास गेला. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात असं वाक्य लिहिलं असतं तर मी लाल पेन काढलं असतं. स्वतःच्या सायकलच्या बाबतीत मात्र काढलं नाही. ज्युनिअर खरंच दुकानात निघाली, तेव्हा पोटात गोळा आला आणि मग मी बसून जे करायला हवं होतं ते केलं. म्हणजे दावा कागदावर लिहिला आणि तो एकेक शब्द सोडवत गेलो. तेच इथे मांडतोय. पेटची किंवा नेटची तयारी करणाऱ्यांना 'कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटी', 'कन्फाउंडिंग' वगैरे व्याख्या पाठ असतात. त्या प्रत्यक्षात कशा चावतात ते बघायला हे उदाहरण चांगलं आहे.

दावा कोणा एका कंपनीचा नाही. जवळपास प्रत्येक कार्बन बारच्या जाहिरातीत, आणि दुर्दैवाने बऱ्याचशा रिव्ह्यूमध्येही, तो याच क्रमाने येतो: हा बार हलका आहे, कडक आहे, आणि रस्त्याची कंपनं शोषून घेतो, म्हणून लांबच्या प्रवासात हात दुखत नाहीत. तीन विधानं आणि एक 'म्हणून'. गंमत अशी की तिन्ही विधानं बऱ्याच अंशी खरी आहेत. माझं भांडण त्या 'म्हणून'शी आहे.

आधी वजन, कारण ते पटकन उरकता येतं. माझा जुना अ‍ॅल्युमिनियमचा बार 310 ग्रॅमचा होता, नवा 215 चा. 95 ग्रॅम वाचले. हिशोबाला सोपं म्हणून 100 धरू. सिंहगडाच्या घाटात 600 मीटर चढ धरला, तर 100 ग्रॅम वर न्यायला 0.1 × 9.8 × 600 म्हणजे सुमारे 590 जूल लागतात. 200 वॅटने पेडल मारणाऱ्याचे त्यात साधारण 3 सेकंद जातात. वर पोचल्यावर पिठलं-भाकरीच्या रांगेत याच्या शंभरपट वेळ जातो. पायथ्याशी बाटलीतलं अर्धा कप पाणी ओतून दिलं तरी एवढाच फायदा होईल, तोही फुकट. शर्यत लावणाऱ्याला 3 सेकंद मोलाचे असतील. मला नाहीत.

दुसरं विधान जास्त रंजक आहे. बार 'कडक'ही आहे आणि 'मऊ'ही? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही सरळ सरळ थाप वाटली होती. आपल्यापैकी अनेक जण टीका म्हणजे असा विरोधाभास पकडणं असं समजतात, सेमिनारमध्ये हात वर करून तो दाखवतात आणि समाधानाने खाली बसतात. इथे तसं केलं तर आपणच तोंडघशी पडू. कार्बन फायबर आणि इपॉक्सीचा एक थर घेतला, तर तंतूंच्या दिशेने त्याचा कडकपणा अ‍ॅल्युमिनियमच्या 70 गिगापास्कलपेक्षा बराच जास्त असतो, आणि तंतूंना आडव्या दिशेने बराच कमी. थर कुठल्या कोनात, किती आणि कुठे ठेवायचे हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. त्यामुळे स्प्रिंट मारताना ज्या दिशेने बार ओढला जातो तिकडे कडक आणि रस्त्याचा धक्का येतो त्या दिशेने थोडा लवचिक, असा बार बनवणं तत्त्वतः शक्य आहे. आकारानेही तेच साधता येतं. वरचा भाग गोल न ठेवता चपटा केला, की उभ्या दिशेचा वाकण्याचा विरोध कमी होतो. भरीव पट्टी असेल तर तो उंचीच्या घनाने बदलतो. 24 मिलिमीटरची उंची 20 केली की जवळजवळ 42 टक्के कमी. पोकळ नळीत इतका नाही, पण दिशा तीच.

म्हणजे विरोधाभास नाही. पण हे मान्य केलं की एक वेगळीच अडचण दिसायला लागते. थरांची मांडणी आणि आकार यांवरच सगळं ठरणार असेल, तर 'कार्बन' या शब्दातून आपल्याला काय कळलं? दोन कार्बन बारांमधला फरक हा एका कार्बन आणि एका अ‍ॅल्युमिनियम बारमधल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. 'कार्बन बार आरामदायक असतो' हे विधान 'लाकडी खुर्ची आरामदायक असते' या धाटणीचं आहे. कुठली खुर्ची? कोणी बनवलेली? संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर इथे स्वतंत्र चल चुकीचा निवडलाय. नाव पदार्थाचं घेतलं, बदलली मात्र रचना.

आता तिसरं विधान, कंपनं शोषण्याचं. माझं स्वतःचं काम पंपांच्या बेअरिंगच्या कंपनांवर चालतं, त्यामुळे इथे मी जरा रेंगाळणार आहे. कंटाळा आला तर दोन परिच्छेद ओलांडून पुढे जा.

दुकानात दोन्ही बार उघडे, टेप न गुंडाळलेले मिळाले तर एक प्रयोग करून बघा. एका बोटावर तोलून धरा आणि नखाने टिचकी मारा. अ‍ॅल्युमिनियमचा बार टण्ण वाजतो आणि थोडा वेळ वाजत राहतो. कार्बनचा ठक्क करून गप्प बसतो. विकणारा नेमकं हेच करून दाखवतो. मलाही दाखवलं होतं. आणि यात खोटं काही नाही. इपॉक्सीमुळे कार्बन कॉम्पोझिटचं अंतर्गत डॅम्पिंग, म्हणजे कंपनाची ऊर्जा पदार्थाच्या आतच जिरवण्याची क्षमता, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा खरोखर कितीतरी जास्त असते. आता तोच अ‍ॅल्युमिनियमचा बार पूर्ण मुठीत पकडा आणि पुन्हा टिचकी मारा. ठक्क. आवाज गेला. तुमच्या तळव्याच्या मांसाने ती ऊर्जा खाल्ली. बारवर टेप गुंडाळली, लिव्हर बसवले आणि त्यावर दोन हात ठेवले, की त्या सगळ्याच्या डॅम्पिंगपुढे बारच्या पदार्थाचं डॅम्पिंग म्हणजे समुद्रात ओतलेली बादली. टिचकीचा प्रयोग ज्या स्थितीत केला जातो, त्या स्थितीत सायकल कोणी चालवत नाही.

शिवाय डॅम्पिंगचा प्रभाव मुख्यतः अनुनादाच्या जवळ दिसतो. त्यापासून दूर, धक्का हातापर्यंत किती पोचणार हे मुख्यतः वस्तुमान आणि स्प्रिंगचा मऊपणा ठरवतात. आणि सायकलच्या पुढच्या भागात अशा स्प्रिंगा एकापुढे एक लागलेल्या आहेत: टायर, चाक, फोर्क, स्टेम, बार, टेप, हातमोजा, तळवा. अशा साखळीत प्रत्येकीचा मऊपणा बेरजेत येतो, आणि जी सगळ्यात मऊ तिचा वाटा सगळ्यात मोठा. एका कडीचा मऊपणा दीडपट केला तरी बेरजेत किती फरक पडेल, हे बाकीच्या कड्यांवर अवलंबून. म्हणून 'आमच्या बारमुळे कंपनं इतके टक्के कमी' असं वाचलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, टक्के कशाचे? सेन्सर बारवर चिकटवला होता की मनगटावर? टायरमध्ये हवा किती होती? बारवर हात होते की वजनाची पोती?

सेन्सरच्या जागेचा मुद्दा किरकोळ नाही. बारवरचं त्वरण मोजणं सोपं, म्हणून बहुतेक जण तेच मोजतात. पण समजा बार हलका झाला. तर त्याच धक्क्याने तो स्वतः वेगळ्या पद्धतीने हलेल, आणि सेन्सर ते नोंदवेल; हातात किती ऊर्जा गेली हे त्यावरून थेट सांगता येत नाही. कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठात रोड सायकलच्या कंपनांवर वर्षानुवर्षं काम करणारा एक गट आहे. त्यांची गोष्ट मला आवडते ती यासाठी की त्यांनी हातापाशी बल आणि हालचाल दोन्ही मोजून तिथे शोषली जाणारी शक्ती काढण्यावर भर दिला. काम अवघड झालं, पण मोजलेली गोष्ट प्रश्नाच्या जवळ आली. 2016 मध्ये त्या गटातल्या संशोधकांनी, आकलनावर काम करणाऱ्या मॅकगिलच्या संशोधिकेसह, आणखी मूलभूत प्रश्न घेतला: पुढच्या चाकाला बसणाऱ्या धक्क्यातला किती फरक सायकलस्वाराच्या हाताला मुळात जाणवतो? हा प्रश्न पुष्कळ आधी विचारायला हवा होता असं मला वाटतं. यंत्राला दिसणारा फरक आणि माणसाला जाणवणारा फरक यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. त्याच्या खालचा फरक आकडेवारीत कितीही लक्षणीय ठरो, हाताला तो अस्तित्वातच नाही.

मग बरेच जण मोजपट्टी उसनी आणतात. हात-बाहूच्या कंपनांसाठी आयएसओ 5349 हे मानक आहे. त्यात 8 ते 16 हर्ट्झच्या आसपासच्या कंपनांना सगळ्यात जास्त वजन दिलंय आणि वर जाल तसं ते घटत जातं. युरोपीय महासंघाच्या 2002 च्या निर्देशात 8 तासांच्या कामासाठी 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ही कृतीची पातळी आणि 5 ही मर्यादा ठरवली आहे. सायकलवर मोजलेला आकडा या मर्यादेशेजारी ठेवला की लेख एकदम गंभीर दिसायला लागतो. पण ही पट्टी ग्राइंडर, चेनसॉ, ड्रिल धरून रोज काम करणाऱ्या कामगारांसाठी, वर्षानुवर्षांच्या नुकसानीचा अंदाज यावा म्हणून केलेली आहे. रविवारी 80 किलोमीटर जाणाऱ्या माणसाच्या 'आरामा'साठी नाही. उसनी पट्टी वापरायला हरकत नाही. ती उसनी आहे हे सांगितलं पाहिजे. आणि त्या वजनांमुळे आणखी एक गोष्ट होते. उच्च वारंवारतेची कंपनं खूप कमी झाली तर साध्या सरासरीत मोठा फरक दिसतो आणि वजन लावलेल्या सरासरीत जेमतेम. जाहिरातीत यातला कुठला आकडा येईल हे तुम्हीच ओळखा.

एवढं सगळं कंपनांवर बोललो. पण ज्युनिअरचा प्रश्न कंपनांचा होता का?

तिची तक्रार होती करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होण्याची. हा नकाशा डॉक्टर लोक डोळे झाकून ओळखतात: अल्नर नस. ही नस मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने, गियॉनची नलिका म्हणतात त्या अरुंद वाटेतून तळव्यात शिरते. हँडलवर भार टाकून तासन्‌तास बसलं की ती तिथेच दाबली जाते. दाबली जाते हा शब्द महत्त्वाचा. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 25 सायकलस्वारांचे हात 4 दिवसांच्या 600 किलोमीटरच्या प्रवासाआधी आणि नंतर तपासले होते. 23 जणांमध्ये संवेदनेची, स्नायूंच्या ताकदीची किंवा दोन्हींची लक्षणं निघाली. अभ्यास छोटा आहे, पण त्रास किती सर्रास आहे ते कळतं. 2011 च्या दुसऱ्या एका अभ्यासात तळव्याच्या त्या भागावरचा दाब सेन्सरने मोजला. हात ड्रॉप्सवर असताना तो सर्वाधिक होता, आणि पॅडच्या हातमोज्यांनी कमी झाला.

आता दाव्याकडे परत बघा. जाहिरात बोलते कंपनांबद्दल. रिव्ह्यू लिहिणारा बोलतो आरामाबद्दल. विकत घेणाऱ्याला हवी असते बधिरपणापासून सुटका, आणि ती अवलंबून आहे बऱ्याच अंशी दाबावर, म्हणजे हात कुठे ठेवला, मनगट किती वाकलं, शरीराचा किती भार पुढे आला यावर. कंपनांचाही त्यात हात असेल, मी तो नाकारत नाही. पण ही तीन वेगळी चलं आहेत. एक मोजलं, दुसऱ्याचं नाव दिलं आणि तिसरं विकलं. कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटीची व्याख्या लिहिताना हे उदाहरण डोळ्यासमोर ठेवा, व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

"पण तुझा त्रास तर गेला ना?" हा प्रश्न मला ज्युनिअरने नाही, माझ्या गाइड मॅडमनी विचारला. शुक्रवारी लॅबमध्ये चहाबरोबर कोणीतरी काहीतरी मांडायचं अशी आमच्याकडे पद्धत आहे, तिथे मी वरचं सगळं मोठ्या तोऱ्यात मांडलं होतं. मी म्हणालो, हो, गेला खरा. मॅडम म्हणाल्या, "बार बदलला त्या आठवड्यात आणखी काय काय बदललं ते लिही फळ्यावर."

लिहायला लागलो. जुना बार 44 सेंटिमीटर रुंद होता, नवा 42. जुन्याची पुढची लांबी 85 मिलिमीटर, नव्याची 70. म्हणजे लिव्हर दीड सेंटिमीटर जवळ आले, मी थोडा सरळ बसायला लागलो आणि हातांवरचा भार हलका झाला. जुनी टेप चार वर्षांची, घामाने चपटी झालेली. नवी जाड, गुबगुबीत. बारचा वरचा भाग चपटा, त्यामुळे तळवा जास्त जागेवर टेकतो. फळा निम्मा भरला. मॅडमनी विचारलं, "आणि हवा?"

हवा आठवेना. तिथूनच दुकानात फोन लावला. बार बसवून देणारे काका म्हणाले, "अहो, 110 मारून फिरत होतात तुम्ही! मी 80 वर आणली. सांगितलं होतं की तेव्हा." बहुतेक सांगितलं असेल. मी तेव्हा बारकडे बघत होतो. आणि त्यानंतर दीड वर्ष मी इमानेइतबारे 80 च मारत आलो, कारण पंपाच्या काट्याची तीच जागा डोळ्यांत बसली होती.

लॅबमध्ये जो हशा झाला तो सोडा. पण अजून एक गोष्ट राहिली होती आणि ती फळ्यावर सहज सुचत नाही. मी बार विकत घेतला कधी? 300 किलोमीटरची ब्रेव्हे संपवल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. 20 तासांच्या मर्यादेत ती पुरी करायची म्हणून आधीचे दोन महिने मी आठवड्याला तिप्पट सायकल चालवत होतो. हात सगळ्यात वाईट होते तेव्हाच खिशात हात गेला. ब्रेव्हे झाल्यावर सेमिस्टर सुरू झालं, सायकल कमी झाली, नसेला विश्रांती मिळाली. त्या आठवड्यात मी हँडलला लिंबू-मिरची बांधली असती तरी हात सुधारलाच असता. दुखणं टिपेला असताना उपाय केला, की त्यानंतरचं ओसरणं उपायाच्या नावावर जमा होतं. सांख्यिकीच्या पुस्तकात याला मध्याकडे परत येणं म्हणतात. तो धडा मी एम.टेक.ला दुसऱ्यांना शिकवलाय.

कोणी म्हणेल, अनुभवी माणसाला कळतं हो, हाताला फरक जाणवतो. इथे 1990 च्या दशकातली एक जुनी चाचणी आठवते. बायसिकल गाइड या अमेरिकन मासिकासाठी अ‍ॅलन कोटे यांनी अंतोनियो मोंदोनिको या इटालियन कारागिराकडून सात फ्रेम बनवून घेतल्या होत्या. माप एक, बनवणारा एक, फक्त कोलंबसच्या स्टीलच्या नळ्या वेगवेगळ्या, स्वस्त ते महाग. कुठली कुठली हे न सांगता चालवायला दिल्यावर त्या ओळखता आल्या नाहीत. सायकलींवर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या माणसांची ही गोष्ट. एक चाचणी म्हणजे अंतिम सत्य नव्हे, आणि फ्रेम म्हणजे हँडलबार नव्हे. पण 'हाताला कळतं' हा पुरावा किती पातळ असू शकतो ते दिसतं. मी तर 18,500 मोजून बसलो होतो. माझ्या हाताला न कळून सांगतो कोणाला?

आता दुसऱ्या पक्षालाही सोडायला नको. शुक्रवारी माझी फजिती झाल्यावर एक सहकारी उत्साहाने म्हणाला, "मी सांगतच होतो, कार्बन नकोच. काच आहे ती, एक दिवस हातात तुटून येईल." हा दावाही तपासू. 2021 च्या मार्चमध्ये बेल्जियममधल्या ले सॅमिन शर्यतीत माथ्यू व्हान डेर पूलचा कार्बन बार शेवटच्या टप्प्यात लिव्हरपाशी तुटला. तो तसाच चालवत राहिला आणि त्याचा संघसहकारी टिम मर्लिअर जिंकला. कॅन्यन कंपनीने त्यानंतर ते मॉडेल वापरणाऱ्यांना सायकल चालवणं थांबवायला सांगितलं. सहकारी म्हणाला, बघ! पण 2006 च्या पॅरिस-रुबे शर्यतीत जॉर्ज हिंकापीच्या हातात अख्खं हँडल सुटून आलं, तो दगडी रस्त्यावर आपटला आणि त्याचा खांदा गेला. तिथे तुटली होती फोर्कची अ‍ॅल्युमिनियमची दांडी, जी कार्बनऐवजी मुद्दाम, जास्त सुरक्षित म्हणून बसवली होती. त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडला होता. एका बाजूला एक किस्सा, दुसऱ्या बाजूला एक. यातून कुठला पदार्थ जास्त तुटतो हे कळत नाही. किती बार वापरात आहेत, किती वर्षं, किती पडलेले, हा छेद कोणाकडेच नाही.

एवढं मात्र पदार्थविज्ञानावरून म्हणता येतं की दोन्ही वेगळ्या तऱ्हेने जुने होतात. अ‍ॅल्युमिनियम प्रत्येक वाकण्याबरोबर थोडा थोडा थकत जातो आणि कितीही कमी ताण असला तरी त्याला अमर आयुष्य नसतं. कार्बन थकव्याला दमदार असतो, पण आदळला किंवा स्क्रू जास्त आवळले तर थरांमध्ये आतून इजा होते आणि वरून रंग तसाच चकाकत राहतो. टेपखाली असेल तर विचारायलाच नको. आयएसओ 4210 मध्ये हँडलबारला 1,00,000 आवर्तनांच्या थकवा-चाचण्या दोन वेगळ्या पद्धतींनी द्याव्या लागतात, पदार्थ कुठलाही असो. माझी भीती कार्बनपेक्षा त्या बेनाव, स्वस्तातल्या बारांची आहे ज्यांनी ही परीक्षा दिली की नाही याचा पत्ताच नसतो. कमी बजेटच्या विद्यार्थ्याला नेमका तोच खुणावतो.

मग मला पटेल असा पुरावा कसा असेल? एकाच आकाराचे, एकाच रुंदीचे दोन बार हवेत, एक कार्बन आणि एक अ‍ॅल्युमिनियम. टेप पूर्ण गुंडाळलेली. थंड धातूचा स्पर्श कळू नये म्हणून हातमोजे, आणि सायकल उचलायची बंदी, कारण वजनावरून ओळखू येईल. बार बदलणारा माणूस वेगळा आणि चालवणाऱ्याशी न बोलणारा. क्रम चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक फेरीआधी हवा मोजायची. (ही ओळ मी आता गोंदवून घेणार आहे.) आणि बधिरपणा किती हे कसं मोजायचं ते आधी ठरवायचं, नंतर नाही. शर्यतीतल्या वेगात नाही तर भूगाव-पिरंगुटसारख्या खडबडीत, ओळखीच्या रस्त्यावर तीन तास. किती माणसं लागतील याचा हिशोब करायला बसलो तर आकडा माझ्या मित्रमंडळाच्या बाहेर गेला. शिवाय एक पेच सुटत नाही. कार्बनचा मुख्य फायदाच जर मोकळेपणाने आकार देता येणं हा असेल, तर आकार सारखा ठेवून केलेली तुलना त्याच्यावर अन्याय करते. आकार वेगळा ठेवला तर फायदा कार्बनचा की आकाराचा, हे कळत नाही. यावर माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही. दोन प्रयोग करावे लागतील, आणि दोन वेगळे निष्कर्ष लिहावे लागतील.

ज्युनिअरला त्याच संध्याकाळी फोन केला. नशिबाने दुकानात तिच्या मापाचा बार शिल्लक नव्हता. मी सगळं सांगितलं, हवेच्या गोष्टीसकट. ती बराच वेळ हसली आणि मग म्हणाली, "मग आता मी काय करू ते सांग ना." आधी हवा कमी करून बघ, म्हटलं, तुझं वजन माझ्याहून कमी आहे. मग पॅडचे हातमोजे. मग हँडल जवळ येईल असा छोटा स्टेम, काकांकडे सेकंडहँड मिळतो. एका वेळी एकच बदल, प्रत्येकाला तीन आठवडे, आणि वहीत नोंद. राइडशिवायही बोटं बधिर राहिली किंवा पकड कमी वाटली तर सरळ डॉक्टर. तिने हवा कमी केली. दुसऱ्या आठवड्यात फरक वाटतोय म्हणाली. मी विचारलं, या आठवड्यात सायकल किती चालवलीस? प्री-पीएच.डी. कोर्सवर्कच्या परीक्षा होत्या, एकदाच गेले, म्हणाली.

वहीतला तो आठवडा आम्ही खोडला. पुन्हा पहिल्यापासून.